उजव्या डोळ्याचा आकडा

नाशिक,
७ ऑक्टोबर १९८३

डॉ. भीमा पगारे यांस,
सप्रेम जयभीम.

आपले पत्र पोहोचले. चार वर्षांनी मुलीचे पत्र येते आणि त्याचा मायना असतो ‘आदरणीय पगारे सर’. आत एका ताऱ्याची जागा, त्याच्या शेजारच्या ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती, आणि खाली ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा’. वीज मंडळाचे पत्र यापेक्षा मायेचे असते.

हा ‘आपण’चा खेळ मला एका परिच्छेदाच्या वर जमत नाही, तेव्हा सरळ लिहितो. तू निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो की मला पत्र लिहू नकोस. म्हणालो होतो, मान्य. पण तू इतकी आज्ञाधारक कधीपासून झालीस? इथल्या कॉलेजात मी तुझ्यासाठी शब्द टाकला, प्राचार्यांनी जागा राखून ठेवली, तेव्हा कुठे गेला होता हा आज्ञाधारकपणा? बंगलोरहून येऊन तू सरळ स्पेनचे तिकीट टेबलावर ठेवलेस. निघालीस त्या दिवशी मी स्टँडवर आलो नाही, कारण शाळेत काम होते. तुझी आई म्हणते रविवार होता. रविवारीही शाळेत काम असते.

आईला तुझे दर महिन्याला पाकीट येते. तिला वाचता येत नाही, म्हणून ते मलाच वाचून दाखवावे लागते. माद्रिदची थंडी, घरमालकिणीचे मांजर, तुझा सर्दीखोकला, सगळे मला तोंडपाठ आहे. तिची उत्तरे चार वर्षे माझ्याच अक्षरात जातात. ते तू ओळखले नसशील असे मी समजत नाही.

असो. तू जे लिहिले आहेस ते मला कळले की नाही, हे कळण्यासाठी मी माझ्या शब्दांत परत लिहितो. वर्गात मी हेच करायला लावत असे. अवकाशात एक दुर्बीण फिरते आहे. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हवा गिळून टाकते, म्हणून ती हवेच्या वर नेऊन ठेवली आहे. तिच्यात वर्णपटलेखक आहे, म्हणजे आलेल्या प्रकाशाचा पट्टा पसरवून त्याची छबी घेणारे यंत्र. जगभरचे लोक तिच्यावर वेळ मागतात. तू तीन पाळ्या मागितल्यास, समितीने एक दिली. आठ तासांची, एकोणीस जानेवारीला. त्या आठ तासांतून काही निघाले तर तुझी तिथली नेमणूक पुढे वाढणार, नाही तर नाही.

आणि तारा कोणता, तर शर्मिष्ठा तारकासमूहातला आपला उनाड. वर्षानुवर्षे झोपून राहतो आणि मनात आले की भडकतो. तो झोपलेला असला तर कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून पट्टा आखूड घ्यायचा. भडकलेला असला तर थोड्या वेळात भागते आणि पट्टा लांब, पातळ पसरवून बारीक रेषा पाहता येतात. यात गफलत झाली तर एक तर छबी जळून पांढरीफटक, नाही तर कोरी पाटी. म्हणून तुझ्या पाळीपर्यंत उनाड काय करतो आहे हे कोणीतरी जमिनीवरून पाहून कळवायला हवे. युरोपात हिवाळ्यात ढग असतात. नाशिकला आकाश स्वच्छ असते आणि एक रिकामटेकडा निवृत्त मास्तरही असतो. बरोबर ना?

उनाड हे नाव तू ठेवलेस, बारा वर्षांची असताना. अंगणात पिंपावर काच ठेवून आपण दुर्बिणीचा तो सहा इंची आरसा घासत होतो, त्या हिवाळ्यात. पत्रात तू त्याचा कॅटलॉगमधला क्रमांक लिहिला आहेस. माझ्यापुरता तो उनाडच राहील.

काल जेवणानंतर गच्चीवर दुर्बीण लावली. नेहमीप्रमाणे उजव्या डोळ्याने, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिले. आकडा ८.८. आकडा लहान तितका तारा तेजस्वी, हे तुझ्या आईला मी आजवर पटवू शकलो नाही. उनाड झोपलेला आहे, तूर्त एवढेच.

का. पु. पगारे


नाशिक,
६ नोव्हेंबर १९८३

भीमा,

तुझे दुसरे पत्र आणि त्यासोबतचा पाळीचा आराखडा मिळाला. या वेळी मायना नुसता ‘सर’. प्रगती आहे.

तो आराखडा पाहून माझे डोके फिरले. आठ तासांत तीन तारे? दुर्बीण एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर वळवायला वेळ, मग तारा हाच का हे ओळखायला वेळ, छबी उतरवायला वेळ, कॅमेरा पुसून पुन्हा तयार करायला वेळ. हे सगळे तूच खाली बारीक अक्षरात लिहिले आहेस आणि वर तीन तारे मांडले आहेस. समितीने तुझे पंख कापले म्हणून तू एका पाळीत तीन पाळ्यांचे काम कोंबते आहेस. लहानपणी परीक्षेत वेळ संपत आला की तू असेच करायचीस, सगळे प्रश्न अर्धे. उनाड धर आणि बाकीचे दोन सोड. आणि वर लिहिले आहेस, ‘दुर्बीण सूर्याकडे फार वळवता येत नाही, म्हणून जानेवारीनंतर हा तारा वर्षभर गेला.’ मग तर प्रश्नच मिटला.

आता आकडे. गेल्या तीन आठवड्यांचे सोबत आहेत, ८.८ ते ९.० यांच्यामध्ये. सारखे वरखाली होतात, कारण इकडची हवा बिघडली आहे. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर अजून खाली बसायला तयार नाही. त्यात शेजारी राहणाऱ्या वाळूने आपल्या दारात मोठा दिवा लावला आहे. त्या दिव्याभोवती मला रंगीत कडे दिसते, इतका धूर आहे. वाळूला सांगायला गेलो तर म्हणतो, सर, मला तर कडं-बिडं काही दिसत नाही, दिवा साधाच आहे. नगरपालिकेत नोकरी लागल्यापासून त्याला शहरातले काहीच दिसेनासे झाले आहे.

मंडईकडे जाणारे कांद्याचे ट्रक रस्त्यावर इतकी धूळ उडवतात की मला दुपारीही गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर नीट दिसत नाही. हे असे शहर झाले आहे. तू सुटलीस.

आई विचारते, तू रात्री नीट जेवतेस का. ते तिच्या पत्रात लिहीन, हे आकड्यांचे पत्र आहे.

का. पु. पगारे


नाशिक,
२७ नोव्हेंबर १९८३

भीमा,

तुझ्या त्या फ्रेंच निरीक्षकाचा आकडा ८.६ आणि माझा ८.९, म्हणून तू विचारतेस की ‘आपल्या बाजूने काही पद्धतशीर चूक होत असावी का’. माझ्या बाजूने! वीस वर्षे मी शर्मिष्ठेकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो आहे. तो फ्रेंच माणूस जेवणाबरोबर काय पितो ते आधी विचार. माझी पद्धत तुला ठाऊक आहे, कारण ती मीच तुला शिकवली. एक तारा वरचा, एक खालचा, मधला किती अंतरावर ते ठरवायचे. त्यात चूक व्हायला जागा कुठे आहे? जागा आहे ती हवेत, आणि हवेचे कारण मी मागेच लिहिले आहे.

तुझ्या पत्रातले ते वाक्य मी दोनदा वाचले: ‘आकड्यांची खात्री नसल्यास मी दुसरी व्यवस्था बघते.’ बघ. युरोपातले ढग बघ, अमेरिकेतला हिवाळा बघ. आणि मग जानेवारीत अंदाजाने कॅमेरा उघड.

काही आठवडे माझ्याकडून आकडे येणार नाहीत. सटाण्याला तुझ्या भिकनमामाकडे जातो आहे. त्याची कांद्याची लागण सुरू आहे आणि माणसे मिळत नाहीत, म्हणून त्याने बोलावले आहे. आईही बरोबर येते आहे. मामाला फार घाई आहे, तेव्हा हे पत्र इथेच पुरे करतो. तुझी पाळी यायच्या आधी मी परत येईन आणि तुला आकडा मिळेल. तो बरोबर असेल.

तीन ताऱ्यांचे काय ठरवलेस ते तू लिहिलेच नाहीस.

का. पु. पगारे


नाशिक,
९ जानेवारी १९८४

भीमा,

तार मिळाली असेलच. आज सकाळीच केली. तरी सविस्तर लिहितो, कारण तारेत आनंद मावत नाही.

उनाड उठला! काल संध्याकाळी दुर्बीण लावली आणि मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो. ८.० आणि वर असा निळा, असा टवटवीत, की शेजारचे तारे त्याच्यापुढे बिचारे दिसत होते. तिसऱ्यांदा ताडून पाहिले, तरी तेच. आजवर इतका धारदार तो मला कधी दिसला नव्हता. तुझ्या आईला गच्चीवर बोलावले. तिने डोळा लावला आणि म्हणाली, ‘पयल्यासारखाच हाय की.’ तिला यातले काय कळते. आता घे तुझा लांब, पातळ पट्टा आणि मोज रेषा.

तू तुझ्या मधल्या पत्रात लिहिलेस की मी कांदा लावायला गेलो यावर तुझा विश्वास बसत नाही, कारण मला कांदा चिरतानाही कोणी पाहिलेले नाही. हा टोमणा मी आईला वाचून दाखवला नाही. सटाण्याची हवा मला फार मानवली. नाशिकची हवाही आम्ही नसताना स्वच्छ झाली. वाळूच्या दिव्याभोवतीचे कडे गेले. त्याने बहुतेक दिवा बदलला असावा, पण कबूल करत नाही. मी चष्माही नवा केला आहे, आता वयच झाले.

एक मात्र झाले आहे. तुझी आई कपड्यांना नीळ घालताना हात सोडून घालते. माझे पांढरे सदरे, धोतर, उशीचे अभ्रे सगळे निळसर झाले आहेत. तिला दोनदा बोललो तर माझ्याकडे विचित्र बघते आणि आत जाते. विहारावरचा निळा झेंडा तर असा झळकतो की रस्त्यावरून चालताना नजर तिकडेच जाते. तो नवा लावला असेल.

तार मिळाली की उत्तर कर. आणि बाकीचे दोन तारे आता तरी सोड.

का. पु. पगारे


नाशिक,
१६ जानेवारी १९८४

भीमा,

हे पत्र तुला तुझी पाळी होऊन गेल्यावर मिळणार. म्हणून आज दुसरी तार केली आहे. ती वेळेवर पोहोचली का, तुझ्या हातात पडली का, तू ती मानलीस का, यातले मला इथे काहीही कळणार नाही. स्वतःचीच इतकी चीड मला कधी आली नव्हती.

तुझी तार तेरा तारखेला आली: ‘तुमच्या आकड्यावर जाते. योजना बदलली, लांब पट्टा. एकच तारा.’ फ्रान्समध्ये ढग, अमेरिकेतला माणूस म्हणतो काही बदल नाही, आणि तू सगळ्यांना बाजूला सारून माझा आकडा धरलास. मी तार खिशात घालून दिवसभर फिरलो. वाळूलासुद्धा दाखवली.

काल सकाळी आंघोळीनंतर सदरा घ्यायला गेलो आणि पुन्हा तेच. सदरा निळा. मी आईला चांगलेच खडसावले. म्हटले, आता तरी नीळ घालणे बंद करशील का? ती धुण्याचे पीळ तसेच टाकून उभी राहिली आणि म्हणाली, “नीळ कुठंय घरात? दिवाळीपासून पुडी आणली नाय.”

मी म्हटले, मग हा सदरा निळा कसा? ती म्हणाली, “पांढरा हाय. तुमच्या त्या डोळ्याला इचारा.”

मी चष्मा तसाच ठेवून उजवा डोळा हाताने झाकला. सदरा पांढरा, जरा पिवळटच. डावा झाकला. सदरा निळसर. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मी मोरीच्या दारात किती वेळ हे करत उभा होतो ते मला ठाऊक नाही. आईने शेवटी माझ्या हातातून सदरा काढून घेतला.

आता तुला सांगितलेच पाहिजे. सटाण्याला कांदा लावायला गेलो नव्हतो. तिथे डोळ्यांचे शिबिर होते, भिकनने नाव घातले होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, तो काढला. डोक्याच्या दोन बाजूंना रेतीच्या पिशव्या लावून मला उताणे झोपवले होते. जरा हललो की तिथला कंपाउंडर म्हणायचा, “मास्तर, हालू नका, अजून टाइम शे.” त्यानंतर हिरवी पट्टी, मग घरी, आणि या महिन्यात हा बाटलीच्या बुडासारखा चष्मा. नाशिकला करून घेतले असते तर गावभर झाले असते, म्हणून सटाणा.

बाकी तू माझ्याआधी ओळखशील. मोतीबिंदू काढतात म्हणजे डोळ्यातले भिंगच काढतात. ते भिंग अतिनील प्रकाश अडवते, हे मी दहावीच्या पोरांना शिकवत होतो. आता माझ्या उजव्या डोळ्यात ते नाही. हवेतून जो थोडा अतिनील प्रकाश खाली उतरतो, तो आपल्या आरशावरून येऊन थेट आत शिरतो. चष्म्याची काच काही अडवते, सगळा नाही. उनाड निळा, आणि मी ज्यांच्याशी त्याला ताडतो ते शेजारचे तारे पिवळे. त्यामुळे माझ्या उजव्या डोळ्याला उनाड तेवढा वाढीव दिसतो. आणि ऑपरेशनच्या आधी त्याच डोळ्यातले भिंग पिवळे पडले होते, तेव्हा तो मला कमी दिसत होता. धूर नव्हता, धूळ नव्हती, वाळूचा दिवाही तोच आहे. फ्रेंच माणसाची माफी मागायचे काम तुझ्याकडे.

काल संध्याकाळी चंद्र होता, तरी गच्चीवर गेलो. उजव्या डोळ्याने उनाड ८.०, डाव्याने ८.८. मग ज्यांचे तेज कधी बदलत नाही असे दोन निळे तारे पाहिले. तेही उजव्या डोळ्याला कॅटलॉगपेक्षा अर्ध्या प्रतीने तेजस्वी आणि डाव्याला थोडे मंद. म्हणजे उनाड ८.५ किंवा ८.६ आहे आणि ढाराढूर झोपला आहे. तू मात्र तो उठला असे धरून पातळ पट्टा लावणार आणि तुझी पाटी कोरी निघणार.

सकाळी तार ऑफिस उघडायच्या आधी मी दारात होतो. फॉर्मवर लिहिले, ‘आकडा रद्द. तांत्रिक कारण. जुनी योजना ठेव. पगारे.’ आई बरोबर आली होती. तिने विचारले काय लिहिले, मी वाचून दाखवले. ती म्हणाली, “डोळ्याचं लिव्हा. नाय तर ती म्हणंल, परवा एक बोलले, आज एक बोलतात. तिनं खरं काय धरावं?” मी दुसरा फॉर्म घेतला.

खिडकीवरचा मुलगा माझा विद्यार्थी निघाला. त्याने तार इंग्रजीत मोठ्याने वाचली आणि तितक्याच मोठ्याने विचारले, सर, डोळा केला का, कधी केला? रांगेतली सगळी माणसे वळून बघायला लागली. सटाण्यापर्यंत जाऊन जे लपवले ते एका मिनिटात संपले. मग तो म्हणाला, “सर, कोणाला चाललीय ही तार?”

“मुलीला.”

“मग खाली पगारे काय लिहिताय? ती पण पगारेच ना?”

त्याने पेन माझ्याकडे सरकवले. मी पगारे खोडले आणि नाना लिहिले. तारेचा अर्थ असा: ‘उनाड झोपलेलाच. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, निळे जास्त दिसते. जुनी योजना ठेव. नाना.’

तू विचारशील, आधी का नाही सांगितले. डोळ्याचे सांगितले असते तर तू माझे आकडे घेणे बंद केले असतेस. करायलाच हवे होते, मीही केले असते. पण आकडे बंद म्हणजे पत्रे बंद. चार वर्षे मी तुझी पत्रे दुसऱ्याला आलेली म्हणून वाचली. ही पत्रे मला आलेली होती. ‘सर’ का असेना, मला होती. ती जायला नको म्हणून मी गप्प बसलो आणि तुझी पाळी धोक्यात घातली.

आईला दोष देऊ नकोस. तिने डिसेंबरच्या पत्रात तुला सगळे सांगितले होते, डोळा, पट्टी, पिशव्या. ते लिहिणारा मी होतो. मी त्याऐवजी हवापाण्याचे लिहिले.

नाना


नाशिक,
१२ फेब्रुवारी १९८४

भीमा,

तुझे पत्र गेल्या आठवड्यात आले. आठ पानांचे. मला वाटले आठही पाने उनाडाची असतील. चष्मा पुसून बसलो. पहिल्या पानावर चार ओळी: तार पाळीच्या आदल्या दिवशी मिळाली, आखूड पट्ट्याची जुनी योजना ठेवली, उनाडाच्या दोन्ही छब्या स्वच्छ आल्या, झोपलेला असूनही त्याच्या अंगावरून वारा वाहतो आहे हे रेषांवरून दिसते, समिती खूश आहे. आणि मग सात पाने डोळा! कोणता डॉक्टर, किती टाके, थेंब कोणते, कोण घालते, खाली वाकता का, जड उचलता का, जिने कसे चढता, गच्चीवर एकटे का जाता. मी तुला ताऱ्याचे विचारतो आणि तू मला थेंबांचे विचारतेस. वारा किती वेगाचा? कोणत्या रेषा? हे कोण लिहिणार? ऑक्टोबरात तुला घरातले एक अक्षर सुचत नव्हते आणि आता तुला चष्म्याचा नंबर हवा आहे. तो कागद कुठेतरी ठेवला आहे, सापडला की कळवीन.

मायना मात्र बरोबर लिहिलास. आईला वाचून दाखवताना मी त्या शब्दावर जरा थांबलो तर ती म्हणाली, पुढं वाचा की.

तू पाठवलेली निळ्या ताऱ्यांची यादी मिळाली. दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळे पाहून फरक कळवा म्हणतेस. अवकाशात कोट्यवधींची दुर्बीण असताना तुला माझा उजवा डोळा कशाला हवा ते मला कळत नाही, पण काम सुरू केले आहे. वाळू रात्री जेवण होईपर्यंत दिवा बंद ठेवतो. त्याला मी तीन महिने विनाकारण बोललो.

काल सटाण्याच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणतात डावाही आता पिकत आला, उन्हाळ्याआधी काढून टाकू. मी म्हटले, नाही, नोव्हेंबरात. ते म्हणाले, तोवर दिसायला त्रास होईल, थांबायचे कारण काय? मी सांगितले की नोव्हेंबरात माझी मुलगी यायची आहे. तिला आधी या डोळ्याने पाहतो, जसे सगळ्यांना दिसते तसे. मग तुम्ही काढा. तेव्हा तू लिहिलेली यायची तारीख बदलू नकोस. हा डोळा मी फार दिवस धरून ठेवू शकणार नाही.

स्टँडवर मी येईन. तू मागच्या वेळचे विचारलेस, की खरेच शाळेत काम होते का. त्याचे उत्तर मी लिहिणार होतो, पण आई शेजारी बसली आहे आणि म्हणते, ते मी सांगते, आणि या वेळी मी सांगेन तेच लिहायचे. तेव्हा तिने सांगितलेले खाली जसेच्या तसे लिहितो.

‘भीमा, त्या दिवशी रइवार व्हता. शाळा बंद. तुझे नाना माझ्या आधी घरातून गेले. मी तुला गाडीत बसवत व्हते तव्हा ते पेपरच्या दुकानाआड उभे व्हते. गाडी वळंपर्यंत उभे व्हते. मी पायलं. त्यांना वाटलं मी नाय पायलं.’

जसेच्या तसे लिहिले आहे.

नाना